मध्यम किमतीचे दोन प्रोसेसर घेण्यापूर्वी कसे ताडून पाहावेत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्यात किंवा भुसावळला मध्यम बजेटचा डेस्कटॉप जुळवून घ्यायला गेलेल्या ग्राहकासमोर दुकानदार बहुधा दोन प्रोसेसर ठेवतो, एक इंटेलचा आणि एक एएमडीचा, आणि दोहोंतला हजार-दोन हजारांचा फरक सांगून निर्णय ग्राहकावर सोपवतो. “भाऊ, दोन्ही चांगलेच आहेत, तुम्हाला कोणता पाहिजे ते सांगा,” हे त्याचे म्हणणे खोटे नसते, पण त्यावरून निवड करता येत नाही. प्रोसेसर कोणत्या कामाला, कोणत्या मदरबोर्डावर, कोणत्या रॅमसह आणि किती तापलेल्या खोलीत चालणार आहे हे ठरल्याशिवाय दोहोंपैकी सरस कोणता हे सांगता येत नाही, आणि या चारही गोष्टी दुकानदारापेक्षा ग्राहकालाच अधिक ठाऊक असतात. म्हणून ही तुलना दुकानात उभ्या-उभ्या न करता आदल्या दिवशी घरी कागद-पेन घेऊन करावी. येथे उदाहरणासाठी इंटेलचा कोअर आय५-१४४०० आणि एएमडीचा रायझन ५ ७६०० ही जोडी धरली आहे. पहिला जानेवारी २०२४ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. तुमच्या समोरची जोडी वेगळी असली तरी पायऱ्या याच राहतील.

आधी काम लिहून काढावे

कागदावर सर्वांत वर, संगणकासमोर बसून आपल्याला कोणत्या कामासाठी थांबावे लागते ते लिहावे. दिवसभरात आपण काय-काय करतो याची यादी येथे उपयोगाची नाही, कारण टाइप करणे, मेल पाहणे, व्हॉट्सॲप वेब उघडे ठेवणे यांत गेल्या पाच-सहा वर्षांतला कोणताही मध्यम प्रोसेसर तुम्हाला अडवणार नाही. ज्या क्षणी माउसचे चक्र फिरत राहते आणि हात रिकामे बसतात, त्या क्षणाचे काम कोणते, हा खरा प्रश्न आहे.

जिनिंग फॅक्टरीच्या किंवा दाणाबाजारातल्या आडतीच्या कार्यालयात हे काम बहुधा टॅलीतला मोठा अहवाल किंवा एक्सेलची जड फाइल असते. अशा कामात एकाच कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) वेग महत्त्वाचा असतो आणि कोअरची संख्या सहावरून दहावर गेल्याने फारसे काही बदलत नाही. खरे तर तेथे प्रोसेसरपेक्षा एसएसडीनेच अधिक फरक पडतो, आणि अशा ग्राहकाने या दोन्ही प्रोसेसरांपेक्षा स्वस्त पर्याय घेऊन उरलेले पैसे चांगल्या एसएसडीवर आणि यूपीएसवर घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवणाऱ्याच्या कोरल ड्रॉचे, तसेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या द्विमितीय ऑटोकॅडचेही बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. मात्र तोच विद्यार्थी त्रिमितीय इमारतीचे रेंडर (खऱ्यासारखे दिसणारे चित्र) काढू लागला की सगळे कोअर एकदम कामाला लागतात, आणि तेथे जास्त कोअर-थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारे कामाचे प्रवाह) असलेला प्रोसेसर पुढे निघतो. आपल्या जोडीत आय५-१४४०० मध्ये सहा मोठे आणि चार छोटे असे दहा कोअर व सोळा थ्रेड आहेत, तर रायझन ५ ७६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. सर्व कोअर वापरणाऱ्या रेंडरमध्ये इंटेल पुढे राहतो. गेममध्ये साधारणपणे रायझन पुढे राहतो, आणि त्याच्या ३२ एमबी एल३ कॅशचा (चिपमधल्या जलद स्मृतीचा) त्यात मोठा वाटा आहे, कारण इंटेलकडे ती २० एमबीच आहे.

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी मात्र हा विषय इतक्यावर संपत नाही. हल्लीचे अनेक मिररलेस कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या) प्रकारचे फुटेज देतात. हे फुटेज टाइमलाइनवर सलग चालवायचे तर ते उलगडणारी खास यंत्रणा चिपमध्ये असावी लागते. इंटेलच्या आय५-१४४०० मधील अंगभूत यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये ती आहे. रायझन ५ ७६०० मधील छोट्या अंगभूत ग्राफिक्समध्ये या प्रकारासाठी ती सोय नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांतही ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच मिळू लागली. म्हणजे जुने किंवा मध्यम ग्राफिक्स कार्ड असलेल्या संपादकाला, बेंचमार्कच्या (वेगाच्या चाचण्यांच्या) तक्त्यात कितीही सरस दिसणाऱ्या रायझनपेक्षा, अंगभूत ग्राफिक्स असलेला साधा इंटेल प्रीमियर प्रोमध्ये अधिक सुखाने काम करू देतो. कॅमेरा ८-बिट ४:२:०च देत असेल तर हा मुद्दा गळून पडतो. म्हणून प्रोसेसरची माहिती चाळण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन रेकॉर्डिंगचा प्रकार पाहून घ्यावा.

नावातली अक्षरे आणि आकडे

दुसरी पायरी म्हणजे मॉडेलचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर उतरवणे. दुकानातल्या कोटेशनवर पुष्कळदा नुसते “आय५ १४वी पिढी” किंवा “रायझन ५” एवढेच लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर तुलना करणे म्हणजे नुसते “ट्रॅक्टर” म्हणून भाव विचारण्यासारखे आहे. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर काहीसा स्वस्त मिळतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड न लावता मॉनिटरची केबल मदरबोर्डाला जोडली तर पडद्यावर काहीही येणार नाही. नुकत्याच सांगितलेल्या कारणास्तव व्हिडिओ संपादकाने एफ प्रकार घेऊच नये. पुढे-मागे ग्राफिक्स कार्ड बिघडले तर संगणक निदान चालू राहावा असे वाटत असेल, तर इतरांनीही तो टाळावा, कारण खानदेशातून कार्ड वॉरंटीत पाठवले की ते परत येईपर्यंत काम अडून राहते. के हे अक्षर ओव्हरक्लॉकिंगची (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) मुभा दाखवते आणि टी कमी विजेचा प्रकार दाखवते.

एएमडीच्या नावांत फसगतीच्या जागा अधिक आहेत. रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड व एसएसडी जोडणारा मार्ग) ४.० आहे, तर नावात केवळ शंभराने मागे असलेल्या ५५०० मध्ये कॅश निम्मी, म्हणजे १६ एमबी, आणि पीसीआयई ३.० आहे. ५६००जी चा आकडा ५६०० इतकाच असला तरी त्याच्याही पोटात १६ एमबीच कॅश आहे. त्या बदल्यात त्याला बऱ्यापैकी अंगभूत ग्राफिक्स मिळते, जे साध्या ५६०० मध्ये अजिबात नाही. याहून मोठा चकवा म्हणजे ८४००एफ. आकडा ७६०० पेक्षा मोठा असल्याने तो नवा आणि सरस असावा असे वाटते, पण त्याची कॅश १६ एमबी आहे, त्याला अंगभूत ग्राफिक्स नाही आणि गेममध्ये तो ७६०० च्या मागे पडतो. मोठा आकडा म्हणजे वेगवान प्रोसेसर हे गणित एएमडीच्या बाबतीत मनातून काढून टाकावे.

इंटेलकडेही नवी पिढी म्हणजे दर वेळी नवा प्रोसेसर असतो असे नाही. आय५-१३४०० आणि आय५-१४४०० यांच्यात कोअर तेवढेच, कॅश तेवढीच आणि कमाल वेगात १०० मेगाहर्ट्झचा फरक आहे: ४.६ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. तेराव्या पिढीचा नग लक्षणीय स्वस्त मिळत असेल आणि डबा सीलबंद असेल, तर “जुना माल” म्हणून तो नाकारण्याचे काही कारण नाही.

गिगाहर्ट्झचा आकडा दोन कंपन्यांमध्ये ताडून पाहू नये. रायझन ५ ७६०० चा कमाल वेग ५.१ आणि आय५-१४४०० चा ४.७ गिगाहर्ट्झ आहे, पण एका ठोक्यात कोणता कोअर किती काम उरकतो हे दोघांत निराळे आहे. शिवाय इंटेलचा ४.७ हा फक्त मोठ्या कोअरांचा वेग आहे, छोटे कोअर ३.५ च्या पुढे जात नाहीत. हा आकडा एकाच कंपनीच्या एकाच पिढीतल्या दोन नगांसाठीच उपयोगाचा आहे.

दोन्ही डब्यांवरचे ६५ वॅट आणि आपला मे महिना

पुण्या-मुंबईच्या ग्राहकाने हा भाग चाळून सोडला तरी चालेल. जळगाव-भुसावळच्या ग्राहकाने तो नीट वाचावा. आपल्या जोडीतल्या दोन्ही प्रोसेसरांच्या माहितीत ६५ वॅट असे लिहिलेले असते. इंटेलच्या ६५ वॅटचा अर्थ मूळ वेगावर चालताना लागणारी शक्ती असा आहे. जोर लावला की आय५-१४४०० ला कंपनीच्याच मर्यादेनुसार १४८ वॅटपर्यंत जाण्याची मुभा आहे. रायझन ५ ७६०० ची तशी वरची मर्यादा ८८ वॅट आहे. डब्यावरचा आकडा एकच, पण पूर्ण भाराखाली बाहेर टाकावी लागणारी उष्णता वेगवेगळी. त्यातही इंटेलच्या बाबतीत मदरबोर्ड बनवणारा ही मर्यादा किती वेळ टिकू देतो हे बोर्डागणिक बदलते, त्यामुळे एकाच आय५-१४४०० चे दोन बोर्डांवरचे निकाल वेगळे येऊ शकतात.

आता खोलीकडे वळू. प्रोसेसरच्या चाचण्या करणारी मंडळी बहुधा वातानुकूलित खोलीत, वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास काम करतात. जळगावला मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या घरात असतो आणि दुपारी बंद खोलीत ३८-४० अंश सहज भरतात. भार तोच आणि पंखा तोच असेल तर खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढते. म्हणजे एखाद्या चाचणीत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ अंशांवर दिसला, तर ४० अंशांच्या खोलीत तो ९३ च्या आसपास जाईल. रायझन ५ ७६०० ची तापमानाची मर्यादा ९५ अंश आणि आय५-१४४०० ची १०० अंश आहे. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर जळत नाही; तो आपला वेग उतरवतो, आणि जो वेग पाहून तुम्ही त्याला निवडले तोच नेमका मे महिन्याच्या दुपारी मिळत नाही. म्हणून कोणतीही चाचणी वाचताना तिच्यातल्या तापमानात पंधरा मिळवून वाचावे. बेरीज नव्वदीच्या पुढे जात असेल तर डब्यातल्या पंख्यावर विसंबू नये आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) हिशेबात धरावा. साध्या प्रकारचा तो दोन-अडीच हजारांच्या आसपास येतो, आणि प्रोसेसरच्या किमतीतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

ज्यांना पूर्ण वेगाची रोज गरज नाही त्यांच्यासाठी बिनखर्चाचा उपायही आहे. दोन्ही बाजूंना बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) शक्तीची मर्यादा खाली आणता येते. एएमडीच्या बोर्डांवर यासाठी इको मोड नावाची तयार सोय असते. वेग थोडासाच कमी होतो, पण तापमान चांगलेच उतरते. उन्हाळ्यात ती चालू करून पावसाळ्यात बंद करता येते.

एअर कूलरबद्दल एक सावधगिरीची सूचना. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येईल असे बसू नये. ओलसर हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर चिकट थर बसतो, आणि तो ब्लोअरने निघत नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात हंगामात कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. तेथे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि महिन्यातून एकदा ती जाळी झटकावी. अशा ठिकाणी कमी उष्णता टाकणारा प्रोसेसर घेणे हा कागदावरच्या दहा टक्के वेगापेक्षा मोठा फायदा ठरतो.

वीजबिलाचा मुद्दा लोक फुगवून सांगतात. चाळीस वॅटचा फरक, तोही रोज आठ तास पूर्ण भाराखाली आणि वर्षातले तीनशे दिवस धरला, तरी ९६ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ९६० रुपये. आणि पूर्ण भाराखाली आठ-आठ तास संगणक चालतो कोणाकडे? बहुतेक कार्यालयांत तो दिवसाचा मोठा भाग नुसता उघडा असतो, आणि त्या रिकाम्या अवस्थेत तर इंटेलचा हा प्रोसेसर ७६०० पेक्षा कमी वीज खातो. तेव्हा विजेवरून निवड करू नये, उष्णतेवरून करावी. यूपीएसचे मात्र पाहावे: बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन्ही प्रोसेसरांना तो चालेल, कार्ड असेल तर मोठा घ्यावा लागेल, आणि तो खर्चही याच कागदावर यायला हवा.

किंमत संचाची काढावी

प्रोसेसरची किंमत एकटीने ताडून पाहण्यात अर्थ नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि लागत असेल तर हीटसिंक, अशा चार ओळींची बेरीज दोन रकान्यांत मांडावी. आय५-१४४०० हा डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही रॅमवर चालतो (कोणती रॅम लागेल ते बोर्ड ठरवतो), तर रायझन ५ ७६०० ला डीडीआर५ च लागते. हा फरक काही काळ किरकोळ होता. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि तो एकदम महत्त्वाचा झाला. जुन्या संगणकातल्या डीडीआर४ च्या दोन चांगल्या पट्ट्या हाताशी असतील तर इंटेलचा डीडीआर४ बोर्ड घेऊन त्या वापरता येतात, आणि रॅमची अख्खी ओळच शून्य होते. मात्र संपूर्ण नवीन संच घेणाऱ्याने केवळ आज स्वस्त पडते म्हणून डीडीआर४ घेऊ नये. दोन्ही रॅमचे त्या दिवशीचे भाव विचारून मगच ठरवावे.

मदरबोर्डात सर्वांत स्वस्त तो घ्यायचा मोह येथेच अंगाशी येतो. इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) बोर्डावर रॅमच्या दोनच जागा असतात, रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि एम.२ एसएसडी प्रोसेसरला थेट न जोडली गेल्याने ती सहसा जेन ३ च्या (पीसीआयई ३.० च्या) वेगाने चालते, मग तुम्ही जेन ४ ची महाग एसएसडी घेतलेली का असेना. कार्यालयीन कामाला हे चालून जाते. व्हिडिओच्या कामाला बी७६० बोर्ड घ्यावा. एएमडीकडे ए६२० हा स्वस्त बोर्ड आहे आणि त्याच्यावर रॅमचा वेग वाढवता येतो, त्यामुळे मध्यम प्रोसेसरसाठी तो एच६१० इतका हात बांधणारा नाही. बी६५० घ्यायचा तो जास्त पोर्ट आणि जास्त एम.२ जागा हव्या असतील तेव्हा.

पुढे प्रोसेसर बदलण्याच्या सोयीबद्दल दुकानात बरेच ऐकायला मिळते. वस्तुस्थिती अशी, की आय५-१४४०० ज्या एलजीए १७०० सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर) बसतो त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या येऊन गेल्या. ऑक्टोबर २०२४ पासून इंटेलचे नवे कोअर अल्ट्रा २०० प्रोसेसर एलजीए १८५१ या दुसऱ्या सॉकेटवर आले. एएमडीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला आधार देऊ असे कंपनीने जाहीर केले आहे. याआधीच्या एएम४ वर २०१७ पासून २०२२ नंतरही नवनवे प्रोसेसर येत राहिले, तेव्हा त्या आश्वासनाला पूर्वेतिहासाचे बळ आहे. तरीही माझ्या पाहण्यात आपल्याकडचा बहुतेक ग्राहक संगणक सात-आठ वर्षे वापरतो आणि मग अख्खाच बदलतो. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलण्याचा तुमचा स्वभाव असेल तरच या सोयीसाठी चार पैसे जास्त मोजावेत.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत २०२४ मध्ये उघड झालेल्या अस्थिरतेबद्दल ग्राहक हमखास विचारतात. चुकीच्या, वाढीव व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर कालांतराने बिघडत होते; इंटेलने त्याच वर्षी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि बाधित मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या वाढीव वॉरंटीच्या यादीत आय५ पैकी १३६००के आणि १४६००के यांच्या वर्गातले होते, १४४०० नव्हता. त्यामुळे या कारणाने १४४०० नाकारण्याची गरज नाही. बोर्डाचे बायोस मात्र नवे करून घ्यावे.

चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत

दोन प्रोसेसरांची नावे टाकली की आपोआप “विजेता” जाहीर करणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. ती बहुधा माहितीपत्रकातले आकडेच शेजारी-शेजारी मांडतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. प्रत्यक्ष चालवून घेतलेल्या चाचण्या पाहाव्यात, आणि त्यांतही पहिल्या पायरीत लिहिलेल्या कामाशी जुळणाऱ्याच. एका कोअरच्या कामासाठी सिनेबेंच या चाचणी-प्रोग्रॅमचा सिंगल-कोअर निकाल, रेंडरसाठी ब्लेंडरचा किंवा सिनेबेंचचा मल्टी-कोअर निकाल, संपादनासाठी प्रीमियरची चाचणी. गेमच्या चाचण्या वाचताना त्यांतले ग्राफिक्स कार्ड कोणते ते आधी पाहावे. प्रोसेसरांतला फरक ठळक दिसावा म्हणून चाचणी करणारे मुद्दाम आरटीएक्स ४०९० सारखे अतिशय महाग कार्ड लावतात; तुमच्याकडे आरटीएक्स ३०५० किंवा ४०६० असेल तर बहुतेक गेममध्ये कार्डच आधी थकते आणि दोन प्रोसेसरांतले अंतर जवळपास मिटते. अशा वेळी प्रोसेसरवर दोन हजार वाचवून ते कार्डावर घालणे शहाणपणाचे.

आलेखात पट्टी शून्यापासून सुरू होते का तेही पाहावे. पट्टी नव्वदपासून सुरू केली की पाच टक्क्यांचा फरक दुपटीसारखा दिसतो. टक्के नेहमी आपल्या कामाच्या वेळेत उतरवून पाहावेत: तुमचे एक्स्पोर्ट दहा मिनिटांचे असेल आणि दुसरा प्रोसेसर पंधरा टक्के वेगवान असेल, तर ते सुमारे पावणेनऊ मिनिटांत होईल. दिवसातून वीस एक्स्पोर्ट असतील तर हा फरक मोलाचा आहे; आठवड्यातून एक असेल तर नाही. दहा टक्क्यांच्या आतला फरक मी बरोबरीच समजतो आणि संचाची किंमत व उष्णता यांवर निर्णय सोडतो.

विंडोज ११ दोन्हींवर चालते. त्यावर वेळ घालवू नये.

दुकानात आणि घरी आणल्यावर

कोटेशन लेखी घ्यावे आणि त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, बोर्डाचे पूर्ण मॉडेल आणि रॅमच्या पट्ट्यांची संख्या असावी. सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन पट्ट्या यांत फरक आहे. अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात दोन पट्ट्याच घ्याव्यात. प्रोसेसर बॉक्स पीस (कंपनीच्या डब्यातला) आहे की ट्रे पीस (सुटा) हे थेट विचारावे. बॉक्स पीसला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे पीसची वॉरंटी विकणाऱ्यावर अवलंबून असते आणि पंखाही वेगळा घ्यावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी स्वस्तात आणून देत असेल तर हा प्रश्न हमखास विचारावा, कारण स्वस्ताईचे कारण पुष्कळदा तेथेच असते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, बोर्ड बिघडतो. म्हणून बोर्डाच्या कंपनीची दुरुस्ती कोठे होते, माल नाशिकला जातो की मुंबईला, आणि तो पाठवण्याची जबाबदारी दुकानदार घेतो का, हे पैसे देण्याआधी बोलून घ्यावे.

जोडणी शक्यतो समोर उभे राहून करून घ्यावी. या दोन्ही प्रोसेसरांच्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात. त्यांतली एक वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो आणि वाकलेल्या पिनेला सहसा वॉरंटी मिळत नाही. म्हणून प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटवर मोबाइलचा उजेड टाकून पिनांच्या रांगा सरळ दिसतात ना हे पाहावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. इंटेलचा बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचे बायोस चौदाव्या पिढीला ओळखते का, हे कंपनीच्या सीपीयू सपोर्ट यादीत तपासून बायोस दुकानातच अद्ययावत करून घ्यावे. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करतो आणि काही मिनिटे पडदा काळाच राहतो. घाबरून वीज बंद करू नये.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच तीन गोष्टी तपासाव्यात. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाव, कोअर आणि थ्रेड बिलाशी जुळतात का, हे पाहावे. त्याच प्रोग्रॅममध्ये रॅमचा वेग पाहावा. डीडीआर रॅम असल्याने तेथे दिसणारा आकडा छापील वेगाच्या निम्मा असतो, आणि तो त्याहूनही कमी दिसत असेल तर बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे. मग सिनेबेंच दहा मिनिटे सलग चालवून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहावे. ही चाचणी रात्री गारव्यात न करता दुपारी, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून करावी. तापमान मर्यादेला टेकून वेग उतरत असेल तर पहिल्यांदा हीटसिंक नीट बसला आहे का आणि त्याच्या खालचे प्लास्टिक काढले आहे का ते पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर त्या आकड्यांचा फोटो घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावे.